भिंतीवरून कॅनव्हासकडे जाताना

प्रश्न नाशिकच्या एका २४ वर्षांच्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: ‘दादा, सहा वर्षं स्प्रेने ग्राफिटी करतोय. दोन वर्षांपासून म्युरलची, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चित्रांची, कामं मिळायला लागलीत. एक कॅफे, दोन सोसायट्यांची कंपाउंडं आणि एक शाळा झाली. आता स्टुडिओतलं काम सुरू करायचंय. आठ कॅनव्हास केले, पण सगळे मेल्यासारखे दिसतात. तेलरंग शिकू का? आर्ट कॉलेजला जाऊ का? आणि सही टॅगची, म्हणजे भिंतीवर लिहितो त्या टोपणनावाची करू, की खऱ्या नावाची?’

तू दादा म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरेच करतो. मी १७ वर्षं भिंती रंगवतोय, त्यातली पहिली काही परवानगी न घेता. गेली ११ वर्षं स्टुडिओतही काम करतो. तुझ्या आठही कॅनव्हासचे फोटो दोन दिवस समोर ठेवून पाहिले. अक्षरं चांगली आहेत, फेड (एका रंगाचं दुसऱ्यात विरत जाणं) स्वच्छ आहेत, आउटलाइनला हात बसलेला आहे. तरीही ते मेलेले का वाटतात, हे मला ओळखीचं आहे, कारण माझे पहिले १५-२० कॅनव्हास असेच होते. तू १२ फुटांचा पीस, म्हणजे भिंतीवरचं अख्खं अक्षरचित्र, लहान करून तीन फुटांत बसवलायस. चित्र आकसलं, पण ते ज्याच्या जोरावर उभं होतं ते सगळं बाहेर रस्त्यावरच राहिलं.

काय राहिलं, ते बघ. भिंतीवर काम करताना हात खांद्यातून फिरतो, गुडघे वाकतात, चार पावलं चालल्याशिवाय रेष संपत नाही. कॅनव्हाससमोर तू बसलास आणि सगळं मनगटातून आलं. दुसरं म्हणजे वेळ. रात्री कुणी येईल या धाकात मारलेल्या रेषेत एक ताण असतो. घरी धाक नाही, म्हणून तू प्रत्येक कड चार वेळा साफ केलीस आणि तो ताण पुसला गेला. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे. भिंतीला आजूबाजूचं जग फुकट मिळतं. वरून गेलेली केबल, गळका पाइप, आंब्याची सावली, समोर उभी रिक्षा, हे सगळं तुझ्या अक्षरांशी बोलत असतं. कॅनव्हासच्या चार कडांच्या बाहेरून मदतीला कुणी येत नाही. तिथे रिकामी जागासुद्धा तुलाच रंगवावी लागते. तुझ्या आठपैकी सात चित्रांत पार्श्वभूमी म्हणजे विटा किंवा ओघळ आहेत. भिंतीची आठवण म्हणून तू भिंतीचं चित्र काढलंस.

इथे मला नेहमी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आठवतात. ग्राफिटीशी त्यांचा संबंध नाही, पण भिंतीवरून सपाट कागदावर येण्याचा प्रश्न त्यांनी आपल्याच मातीत, डहाणूच्या बाजूला सोडवला. वारली चित्रं म्हणजे लग्नाच्या वेळी बायकांनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा चौक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले, त्यांनी कागद पुढे केला आणि मशे रोज काढू लागले. त्यांनी कागदावर झोपडीची भिंत काढली नाही. कागद-कापडालाच शेणाचा, गेरूचा हात दिला आणि त्यावर पांढरं काढलं. भिंत चित्राचा विषय झाली नाही, ती जमीन म्हणून सोबत आली. आणि विधीच्या चौकटीबाहेर पडल्यावर विषय मोकळे झाले. मासे धरायचं जाळं, शेतातली गर्दी, मुंग्यांसारखी माणसं कागदभर पसरली. त्रिकोण आणि वर्तुळ तेच राहिलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मूळ काम कुठे पाहायला मिळालं तर एक अख्खा तास त्यासमोर घालव. काय बरोबर घ्यायचं आणि काय मागे सोडायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता तुझ्या घराण्याकडे येऊ. न्यूयॉर्कच्या लोकांनी हाच रस्ता १९७०-८० च्या दशकांत पार केला, आणि त्यात कोण कसं टिकलं हे तुला माहीत असायला हवं. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शहरभर आपला टॅग लिहिणाऱ्या टाकी १८३ या पोरावर बातमी केली आणि नाव लिहिण्याची स्पर्धा पेटली. १९७२ मध्ये ह्यूगो मार्टिनेझ या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने या पोरांचा युनायटेड ग्राफिटी आर्टिस्ट्स हा गट बांधला. पुढच्याच वर्षी त्यांचे कॅनव्हास रेझर गॅलरीत लागले. म्हणजे स्टुडिओचा प्रश्न ग्राफिटीइतकाच जुना आहे. ‘गॅलरीत गेला म्हणजे विकला गेला’ असं तुझ्या क्रूमधलं, म्हणजे सोबत रंगवणाऱ्या टोळीतलं, कुणी म्हणालं, तर त्याला हे साल सांग.

ली किन्योनेस आपल्या क्रूसोबत न्यूयॉर्कच्या सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, दहा डब्यांची अख्खी गाडी रंगवणारा मुलगा होता. १९७८ मध्ये त्याने लोअर ईस्ट साइडला एका शाळेच्या हँडबॉल कोर्टाची भिंत रंगवली. गाडी निघून जाते, भिंत जागेवर राहते आणि लोक पुन्हा पुन्हा येऊन पाहतात, हा फरक त्याला तिथे कळला असावा असं मला वाटतं, कारण त्यानंतर त्याच्या कामात माणसं, गोष्ट, खोली वाढत गेली. १९७९ मध्ये फॅब फाइव्ह फ्रेडी या दुसऱ्या ग्राफिटीवाल्याबरोबर त्याचं प्रदर्शन रोमच्या ला मेडुसा गॅलरीत झालं. त्याच काळातल्या फ्युचुरा या ग्राफिटीवाल्याने वेगळं केलं. १९८० मधला त्याचा ‘ब्रेक’ हा डबा बघ. एक शब्द सोडला तर अक्षरांचा पत्ता नाही, रंगाचे ढग आहेत आणि केसाएवढ्या बारीक रेषा. त्याने अक्षर सोडून दिलं, पण कॅनमधून निघणारी वाफ आणि रेघ जपली. म्हणून त्याचे कॅनव्हास गाडीची नक्कल वाटत नाहीत. ज्यांनी आपला गाडीवरचा पीस जसाच्या तसा चौकटीत बसवला, त्यांचं काम आज त्या काळाची आठवण म्हणून पाहिलं जातं. डोंडीसारखे थोडे अपवाद आहेत, कारण त्याचं अक्षरच इतकं घट्ट बांधलेलं होतं की ते कुठेही उभं राहिलं असतं.

डिसेंबर १९८३ मध्ये सिडनी जॅनिस गॅलरीत ‘पोस्ट-ग्राफिटी’ प्रदर्शन झालं. बास्किया, हेरिंग, लेडी पिंक, क्रॅश, डेझ सगळे तिथे होते. जॅनिस म्हणजे माँड्रियान आणि पोलॉकसारखे मोठे आधुनिक चित्रकार दाखवणारी गॅलरी. त्याच वर्षी रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयानेही ग्राफिटीचं प्रदर्शन भरवलं. पण दोन-चार वर्षांत अमेरिकेतला बाजार दुसरीकडे वळला आणि फ्युचुरा न्यूयॉर्कमध्ये सायकलवरून पार्सलं पोचवत होता. त्याचं काम त्या वर्षांत वाईट झालं नव्हतं. हे तुला घाबरवायला सांगत नाही. पहिला संग्राहक आला की म्युरलची कामं सोडू नकोस, एवढंच म्हणायचंय. माझ्या स्टुडिओचं भाडं आजही भिंतीच भरतात, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आपल्याकडचा रस्ता थोडा निराळा आहे. आपल्या भिंतींवर ग्राफिटीच्या आधी पेंटर लोक होते. पाट्या, ट्रक, सिनेमाचे बॅनर ते करायचे. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, आणि त्यांच्या कॅनव्हासवरची ती एका दमात खेचलेली रेष होर्डिंगच्या मचाणावर कमावलेली आहे. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवणारे रणजित दहिया यांची सुरुवातही गावाकडे भिंतींना चुना मारण्यापासून झाली. म्हणून नाशिकमध्ये एखादे जुने पाटी रंगवणारे पेंटर अजून काम करत असतील, तर कॉलेजच्या आधी त्यांच्याकडे जा. सूत कसं मारतात, एका ब्रशमध्ये अक्षराचं पोट आणि कणा कसा काढतात, हे सहा महिने बघ. विनायल फ्लेक्स आल्यापासून ही माणसं झपाट्याने कमी होतायत.

अक्षराचं बोलतो आहे तर आणखी एक. तुझे सगळे पीस रोमन लिपीत आहेत. ते चूक नाही, पण देवनागरीत तुला फार मोठं घबाड आहे. शिरोरेषा ही एक बांधलेली तुळईच आहे. तिला अक्षरं लटकतात, ती तोडली की लय बदलते. जोडाक्षरं, वेलांटी, रफार, प्रत्येकाला स्वतःची उडी आहे. आणि मोडी तर धावत्या हातासाठीच घडलेली लिपी. टॅग म्हणजे दुसरं काय असतं? र. कृ. जोशी आणि अच्युत पालव या सुलेखनकारांनी अक्षराला जिथवर नेलं, तिथून पुढे स्प्रेने काय होतं हे कुणीतरी करून पाहायला हवं. डाकू या नावाने काम करणारा कलाकार बघ. सुरुवातीला भिंतींवर देवनागरीत आपलं नाव लिहायचा. पुढे दिल्लीच्या लोधी कॉलनीत आणि २०१८ मध्ये पणजीत त्याने अक्षरांची सावलीच पाडली. ऊन सरकतं तशी अक्षरं सरकतात. त्याने कॅन बाजूला ठेवला, पण अक्षर, रस्ता आणि वेळ, ग्राफिटीची ही तिन्ही हाडं शाबूत ठेवली. स्टुडिओकडे जाण्याचा अर्थ कॅनव्हासच असा नसतो, हेही त्यातून दिसतं.

तुझ्यासाठी मी एक काम सांगतो. पुढचे तीन महिने कॅनव्हास विकत घेऊ नकोस. तपकिरी पॅकिंगच्या कागदाचा रोल आण, चार बाय पाच फुटांचे तुकडे काप, भिंतीला लाव आणि उभं राहून काम कर. एकच अक्षर निवड. तुझ्या टॅगमधलं पहिलं चालेल. त्या एका अक्षराचे १०० कागद. रंग दोनच, काळा आणि एक दुसरा. प्रत्येक कागदाला २० मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. पहिले ३० कागद तुला येतं तेच निघेल. चाळिसाव्याच्या आसपास कंटाळा येईल आणि तू अक्षर मोडायला लागशील. मला तिथपासूनचे कागद बघायचेत. त्याच काळात आठवड्यातून दोन दिवस गोदावरीच्या घाटावर बसून पेन्सिलीने माणसं काढ, भांडी काढ, पायऱ्यांवरची सावली काढ. ग्राफिटीत आपण छाया-प्रकाश सूत्रासारखा शिकतो. डावीकडून प्रकाश, उजवीकडे शॅडो, कोपऱ्यावर हायलाइट. खरा प्रकाश त्या सूत्राने वागत नाही.

तेलरंग लगेच नकोत. तुझा हात जलद आहे आणि तेलरंग दिवसच्या दिवस ओला राहतो. आधी अ‍ॅक्रिलिक घे. स्प्रे वापरायचाच असेल तर ताणलेल्या कापडाऐवजी प्लायवूडच्या पॅनेलवर वापर, मागे लाकडी चौकट ठोकून. हार्डवेअरच्या दुकानातला इनॅमल स्प्रे वाळल्यावर कडक होतो. कॅनव्हास ढिला पडला किंवा गुंडाळला की त्याला तडे जातात, आणि पांढरा काही वर्षांत पिवळा पडतो. कलाकारांसाठीचे कमी दाबाचे कॅन महाग आहेत, पण विकायच्या कामाला तेच वापर. अ‍ॅक्रिलिकवर इनॅमल चालतं, इनॅमलवर अ‍ॅक्रिलिक मारू नकोस, ते धरत नाही. आणि बंद खोलीत स्प्रे मारताना कापडी मास्क किंवा एन-९५ काही कामाचा नाही. ते धूळ अडवतात, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाहीत. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घे, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लाव, आणि जवळपास गॅस, उदबत्ती, पेटती सिगारेट काही नको. कॅनमधला गॅस पेट घेतो. माझ्या बरोबरीचा एक मित्र तिशीतच दम्याने हैराण झाला, आणि आम्ही कितीतरी वर्षं तोंडाला रुमाल बांधून काम केलं होतं.

म्युरलबद्दल तू विचारलं नाहीस, पण शाळेच्या भिंतीचा फोटो पाहून राहवत नाही. खालच्या दोन फुटांत रंगाला फोड दिसतात. तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार. माझं पहिलं मोठं पैशांचं काम असंच गेलं. सांगलीकडच्या एका संस्थेची ६० फुटी भिंत, गिलावा करून जेमतेम दहा दिवस झाले होते. उद्घाटनाची तारीख ठरली होती म्हणून त्यांनी घाई केली आणि मी हो म्हणालो. पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटले. शेतकऱ्याच्या चेहऱ्याचा अर्धा गाल खाली पडला होता. उरलेले पैसे मिळाले नाहीत, पण त्याहून ती भिंत पाहताना जे झालं ते आजही आठवतं. तेव्हापासून नियम केला. नवा गिलावा पाणी मारून किमान २८ दिवस मुरलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. जुन्या भिंतीवर हात फिरवून पावडर लागते का बघायचं, चुन्याचा थर असेल तर खरवडून काढायचा. ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. बाहेरच्या भिंतीला आतली पुट्टी भरायची नाही. एक्स्टिरिअर प्रायमर, मोठ्या भागांना एक्स्टिरिअर इमल्शन आणि फेड व बारकाव्यांना स्प्रे. फ्लुरोसंट रंग नाशिकच्या उन्हात काही महिन्यांत मरतात. काही झगझगीत लाल-पिवळेही फार टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती, ऑक्साइडचे रंग वर्षानुवर्षं राहतात. म्हणून चित्राचा सांगाडा अशा रंगांत बांध की झगझगीत भाग फिका पडला तरी चित्र उभं राहील.

चित्र मोठं करायला तू चौकोन आखतोस असं दिसलं. तीन मजल्यांच्या वर ते फार वेळ खातं. भिंतभर वेड्यावाकड्या खुणा, अक्षरं, फुल्या मार, समोरून फोटो काढ, मोबाइलवर त्या फोटोवर आपलं स्केच ठेव आणि खुणांच्या आधाराने रेषा काढ. परांची नीट बांधलेली नसेल तर चढू नकोस. दोरांनी टांगलेल्या झुल्यावर हार्नेसशिवाय काम करायला कुणीही सांगितलं, तरी नाही म्हण.

पैशांचं आणि कागदाचं जरा नीट वाच, कारण इथे आपली मुलं सर्वांत जास्त फसतात. चौरस फुटाच्या भावाने बोली लावलीस की तुझी तुलना इमारत रंगवणाऱ्या कंत्राटदाराशी होते. स्केचचे पैसे वेगळे, भिंतीच्या तयारीचे वेगळे, परांची किंवा लिफ्टचे ग्राहकाकडे, आणि रंगवण्याचे वेगळे लाव. निम्मे आगाऊ आल्याशिवाय रंग विकत घेऊ नकोस. आणि लेखी करार कर. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही लिहून ठेवलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे कॅफेवाल्याने तुझी भिंत टी-शर्टवर छापली तर तुझ्या हातात काही राहत नाही. करारात एक ओळ घालायची: ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, प्रसिद्धीसाठी फोटो वापरण्याची परवानगी आहे.’ माझ्या अनुभवात बहुतेक ग्राहक ती मान्य करतात, फक्त आधी विचारायला हवं.

त्याच कायद्याचं कलम ५७ मात्र कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी तुझ्यापाशी राहतं. चित्रकार म्हणून आपलं नाव लागावं आणि कामाची विटंबना होऊ नये, हा तो हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्य म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं, त्याचे तुकडे झाले होते. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला सांगितले, वर पाच लाखांची भरपाई दिली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ या ग्राफिटीने भरलेल्या इमारतीच्या मालकाने २०१३ मध्ये रातोरात भिंतींना पांढरा फासला. २०१८ मध्ये कोर्टाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. त्या भिंती मालकाच्या परवानगीने रंगवलेल्या होत्या, हे लक्षात ठेव. परवानगीचं पत्र जपून ठेवणं कंटाळवाणं वाटतं, पण मी माझी सगळी पत्रं एका फाइलमध्ये ठेवली आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५ चा कायदाही आहे. सोसायटीच्या अध्यक्षांनी तोंडी हो म्हटलं एवढ्यावर कॅन उघडू नकोस.

कॉलेजबद्दल. घरची परिस्थिती असेल आणि चार वर्षं देता येत असतील तर जा. तिथे मिळते ती सोबत, मॉडेल बसवून काढण्याची सवय आणि कठोर डोळे. पण प्रवेश मिळाला नाही म्हणून थांबू नकोस. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून चालू आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला काम पाठव. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकून ठेव. तिथली प्रतीक्षायादी काही वर्षांची असते, म्हणून काम तयार झाल्यावर अर्ज करू म्हणशील तर उशीर होईल. पहिलं प्रदर्शन नाशिकमध्येच कर, भाड्याच्या रिकाम्या गाळ्यात केलंस तरी चालेल. आठ नको, पाच चित्रं लाव. आणि तिथे विटा रंगवायच्या नाहीत.

राहिली सही. टॅग सोडू नकोस. सहा वर्षं तू ते नाव कमावलंयस, आणि लोक तुला त्यानेच ओळखतात. डोंडीचं खरं नाव डोनाल्ड व्हाइट, पण चित्र डोंडीचंच म्हणून बघितलं जातं. पुढच्या बाजूला टॅग, तोही लहान. तुझ्या तिसऱ्या कॅनव्हासवर सही चित्रापेक्षा मोठी झालीय. पण करार, बिल आणि बँकेच्या कागदांवर खरं नाव हवं, आणि प्रत्येक चित्राच्या मागे खरं नाव, साल, माप आणि काय-काय वापरलं ते लिही: कुठला कॅन, कुठला प्रायमर, वरून वॉर्निश आहे की नाही. उद्या कुणाला ते दुरुस्त करायचं झालं तर त्याला हे लागेल. मागच्या कापडावर मार्करने लिहू नकोस, शाई काही वर्षांत पुढे उमटते. चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने लिही.